जोडीदाराचा व्हिसा

खातीपुरा, जयपूर
९ नोव्हेंबर २००३

चि. सुवर्णा,
जयभीम.

सासऱ्याने सुनेला स्वतंत्र पत्र लिहावं असा आपल्याकडे रिवाज नाही, पण फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितो आहे. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा आम्ही सगळे एकाच खोलीत असतो. मयूरीच्या हातातून फोन सुटत नाही, आणि उरलेल्या वेळात तब्येत आणि थंडी याच्यापुढे बोलणं जात नाही.

तू पाठवलेले व्हिसाचे कागद मिळाले. स्वप्नीलने ते न वाचताच कपाटावर ठेवून दिले. मी विचारलं, तर म्हणाला, "बाबा, जूनमध्ये तिची दोन वर्षं संपतात. ती येणारच आहे, मतलब हे कागद कशाला?" मग मीच चष्मा लावून बसलो. सारी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून रेल्वेचं इंग्रजी वाचण्यात गेली, पण हे इंग्रजी वेगळं आहे. एवढंच समजलं, की नवरा म्हणून त्याला आयर्लंडमध्ये राहता येईल, पण काम करता येणार नाही. तिथे त्याला जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ डिक्शनरीत 'आश्रित' असा निघाला.

तुझ्या नवऱ्याचा स्वभाव तुला माहीत आहे. जयपुरात कुठे लिफ्ट अडकली की कंपनी त्यालाच पाठवते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची त्याला सवय नाही. त्यात गल्लीतले लोक त्याला 'मेमसाब का आदमी' म्हणतात. तो हसतो, पण घरी आल्यावर जेवत नाही.

मयूरी बरी आहे. शाळेत हिंदी चांगलं वाचते, घरी मराठी बोलताना अडखळते. तिला तुझा चेहरा आठवतो का, असं भीमा नातीला मधूनमधून विचारते. ती भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवते.

तेव्हा कोणकोणते रस्ते आहेत ते मला सोप्या मराठीत लिही. मी त्याला समजावीन. आणि तू जूनमध्ये येणार आहेस की नाही, तेही लिही.

शेषराव तायडे


कॉर्क, आयर्लंड
३० नोव्हेंबर २००३

ती. बाबा,
सविनय जयभीम.

तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि आधी भीतीच वाटली. घरात काही झालं की काय. ड्यूटी संपेपर्यंत ते उघडलं नाही.

रस्ते सांगते. पहिला रस्ता म्हणजे जोडीदाराचा व्हिसा. त्यावर ते आणि मयूरी दोघंही येऊ शकतात. मयूरीला इथल्या सरकारी शाळेत घेतील. पण त्यांना नोकरी करायला परवानगी नाही, हे तुम्ही बरोबर वाचलंत. दुसरा रस्ता म्हणजे त्यांनी स्वतःच्या नावावर कामाचा परवाना मिळवायचा. त्यासाठी इथल्या एखाद्या मालकाने त्यांना नोकरी द्यावी लागते, आणि आधी इथे माणूस मिळत नाही हे सिद्ध करावं लागतं. न पाहिलेल्या माणसासाठी एवढी खटपट कुणी करत नाही. तिसरा, पाहुणा म्हणून येऊन भेटून जाणं. तो रस्ता भेटीचा आहे, राहण्याचा नाही.

पण इथे एक बोलणं चालू आहे. नवऱ्यांना काम करता येत नाही म्हणून केरळच्या आणि फिलिपिन्सच्या कितीतरी नर्सेस आयर्लंड सोडून दुसरीकडे चालल्या आहेत. हॉस्पिटलं घाबरली आहेत. आमची मेट्रन म्हणते, नर्सच्या जोडीदाराला कामाचा परवाना सहज द्यावा असं सरकारच्या मनात आहे. फक्त थोडं थांबायला हवं.

आता जूनचं. बाबा, मी आणखी दोन वर्षांचा करार केला आहे. सप्टेंबरमध्येच सही केली. त्यांना सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवते आणि मयूरी फोनवर येते, मग राहूनच जातं.

का केली ते तुम्हाला तरी सांगते. जयपूरच्या त्या नर्सिंग होममध्ये मी आठ वर्षं काढली. तिथे डॉक्टर मला 'ए सिस्टर' म्हणून हाक मारत, आणि तायडे हे आडनाव ऐकल्यावर मॅडम पुढचा प्रश्न विचारत असत, तो तुम्हाला ठाऊक आहे. इथे पेशंटबद्दल मला काय वाटतं ते डॉक्टर थांबून ऐकतात. आडनाव ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मयूरीने अशा ठिकाणी वाढावं असं मला वाटतं.

नियम बदलला की मी स्वतः त्यांना सगळं सांगेन. तोवर एवढं तुमच्याजवळ ठेवा.

तुमची,
सुवर्णा


खातीपुरा, जयपूर
१८ जानेवारी २००४

चि. सुवर्णा,
जयभीम.

तुझं पत्र पोचलं. संक्रांतीला छतावर पतंगांची गर्दी होती, मयूरीचा हात मांज्याने थोडा कापला, आता बरा आहे. तिचा पासपोर्ट तयार झाला. तो माझ्याजवळ पेटीत आहे.

स्वप्नील दिल्लीला गेला आहे. कंपनीचं मोठं काम निघालं आहे, दोन-तीन महिने लागतील. राहण्याच्या ठिकाणी फोनची सोय नाही, तेव्हा रविवारी तो भेटला नाही तर काळजी करू नये.

नियमाचं काय झालं ते कळव. लवकर कळव.

शेषराव


कॉर्क
२२ फेब्रुवारी २००४

ती. बाबा,
सविनय जयभीम.

नियम बदलला. या आठवड्यात सरकारने जाहीर केलं. नर्सच्या नवऱ्याला आता कामाचा परवाना मिळेल, आणि मालकाला 'इथे माणूस मिळत नाही' हे सिद्ध करावं लागणार नाही. वॉर्डात आम्ही बायका एकमेकींच्या गळ्यात पडलो. माझ्याबरोबर काम करणारी केरळची लता तर रडायलाच लागली.

मी आणखी एक केलं. आमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टा दुरुस्त करायला एक फोरमन येतो. वयस्कर, अबोल माणूस आहे. धीर करून त्याला गाठलं आणि माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं, की माझा नवरा हेच काम करतो. त्याने कुठल्या बनावटीच्या लिफ्टा, किती मजल्यांच्या इमारती, असं विचारलं. मग म्हणाला, कंपनीचं अनुभवाचं पत्र मागवून घे, मी साहेबांशी बोलतो.

म्हणून मला लगेच त्यांचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि कंपनीचं पत्र हवं आहे.

पण बाबा, ते आहेत कुठे? चार रविवार मी फोन करते आहे. आई कधी सांगतात काम वाढलं, कधी सांगतात रेंज नाही. तुम्ही फोनवर येतच नाही. मागच्या रविवारी मी मयूरीला सहज विचारलं, पप्पा कधी येणार गं दिल्लीहून. ती म्हणाली, "पप्पा तो हवाई जहाज में गए." मागून आईंनी फोन काढून घेतला.

जयपूरहून दिल्लीला आपल्यातलं कुणी विमानाने जात नाही.

आधी वाटलं, माझ्यावर रागावून ते घर सोडून गेले. मग मनात आलं, दुसरी कुणी आहे का. असेल तर तेही लिहा, मी सहन करीन. पण मला वेड्यात काढू नका. इथे दिवसभर मी लोकांना धीर देते आणि खोलीवर आले की मला धीर द्यायला कुणी नसतं.

सुवर्णा


खातीपुरा, जयपूर
७ मार्च २००४

चि. सुवर्णा,

दुसरी कुणी नाही. तो विचार मनातून काढून टाक. जे आहे ते याहून वाईट आहे, म्हणून लपवलं.

डिसेंबरच्या शेवटी त्याने मला थेट विचारलं, "बाबा, ती जूनमध्ये येतेय की नाही?" तुझा शब्द मी मोडला नाही. गप्प राहिलो. पण माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला लहानपणापासून कळतो. त्यानंतर तो एका एजंटकडे जाऊ लागला. आदर्श नगरमध्ये गाद्यांच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे. भगवानजी म्हणतात त्याला. त्याने सांगितलं, आधी रीतसर व्हिसावर मॉस्को, तिथून गाडीने युक्रेन, आणि पुढे सरहद्द ओलांडली की युरोप. एकदा युरोपात शिरला की बायकोकडे जायला कोण अडवतो. मी म्हटलं, अरे, आयर्लंड बेट आहे, समुद्र लागतो मध्ये. तो म्हणाला, "तिथे पोचून मी माझ्या पायावर उभा राहीन आणि मग तिला फोन करीन. तिच्या कागदावर जाणार नाही."

मी अडवलं नाही असं नाही. पण तेहतीस वर्षांच्या मुलाला किती अडवणार? जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. मॉस्कोहून त्याचा एकदा फोन आला. थंडी फार आहे, पंजाबची पोरं सोबत आहेत, सुवर्णाला काही सांगू नका, एवढं बोलला. त्याला आता महिना होत आला. त्यानंतर काहीच नाही.

मी रोज आदर्श नगरला जाऊन एजंटच्या बाकावर बसतो. तो चहा मागवतो. काल म्हणाला, "अंकलजी, लड़का शेर है आपका. पहुँच जाएगा." मी विचारलं, कहाँ? तर म्हणाला, "युरोप बहुत बड़ा है अंकलजी, कहीं न कहीं तो पहुँचेगा." मी तो चहा तसाच ठेवून उठलो.

आता पेच असा आहे. पोलिसांत तक्रार केली तर तो जिथे असेल तिथे पकडला जाईल, त्याच्या नावावर शिक्का बसेल, आणि तू जो रस्ता आता मोकळा झाला म्हणतेस तो त्याच्यासाठी कायमचा बंद होईल. तक्रार केली नाही तर तो कुठे, कोणत्या हालात आहे ते कळणार नाही. भीमा म्हणते, "पोरगं पोचते आहे तं पोचू द्या, मधात पाय घालू नका." मला ठरवता येत नाही. तू त्या देशांच्या जवळ आहेस, तुला कायदा समजतो. तू सांगशील तसं करीन.

शेषराव


कॉर्क
१६ मार्च २००४
(कुरियरने)

ती. बाबा,

पोलिसांत जा. पत्र मिळेल त्या क्षणी जा.

फोनवर सांगणार होते, पण आई उचलतील आणि तुम्हाला देणार नाहीत, म्हणून कुरियर करते आहे.

मी इथे यायच्या आदल्या हिवाळ्यात याच देशात एक मालाचा कंटेनर उघडला होता. आत माणसं होती, लहान मुलंसुद्धा. निम्म्याहून जास्त गुदमरून मेलेली. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली करतात. तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर तेच आहे.

शिक्का बसला तर बसू दे. व्हिसा गेला तर जाऊ दे. एजंटला विचारू नका, त्याच्यावर तक्रार करा. मॉस्को आणि कीव्ह, दोन्हीकडच्या भारतीय वकिलातींना मी आजच फॅक्स केला आहे. नाव, जन्मतारीख, उजव्या भुवईवरची खूण, सगळं लिहिलं. तुमच्याकडे त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स असेल तर ती पोलिसांना द्या.

आईंना सांगा, सगळा दोष माझा म्हणा. करार मी लपवला. पण आता गप्प बसायचं नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही.

सुवर्णा


खातीपुरा, जयपूर
२५ एप्रिल २००४

चि. सुवर्णा,
जयभीम.

स्वप्नील सुखरूप घरी पोचला हे तुला फोनवर कळलंच आहे. फोनवर तो दोन वाक्यं बोलला आणि तू रडत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझं कुरियर आलं त्याच दिवशी ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने तक्रार घेतली नाही. म्हणाला, तुमचा मुलगा स्वतःच्या मर्जीने गेला, गुन्हा कुठे झाला? दोनदा परत पाठवलं. मग मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. सिव्हिल लाइन्समध्ये रेल्वेचे एक मोठे साहेब राहतात, मी त्यांच्या इन्स्पेक्शनच्या गाडीवर अनेकदा गार्ड होतो. कधी त्यांच्याकडे बदलीसुद्धा मागितली नाही. बंगल्याच्या फाटकावर उभा राहिलो आणि चिठ्ठी आत पाठवली. त्यांनी ऐकून घेतलं, एक फोन केला. संध्याकाळी पोलीस एजंटच्या ऑफिसात पोचले आणि मग भगवानजींना सगळे पत्ते आठवले. युक्रेनमधलं सरहद्दीजवळचं एक गाव होतं. ते पोलिसांनी दिल्लीला कळवलं.

पण खरं सांगायचं तर तोवर स्वप्नीलने स्वतःच स्वतःला सोडवलं होतं. त्यांना एका शेतघरात कोंडून ठेवलं होतं. पासपोर्ट काढून घेतले होते. एके दिवशी ट्रक आला. लाकडी खोक्यांच्या मागे थोडी जागा केलेली, तिथे सतरा जणांनी बसायचं आणि बाहेरून पत्रा ठोकायचा. हा चढलाच नाही. मला म्हणाला, "बाबा, लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला तर मी खाली उतरवतो. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढलीत मी, त्यांचे चेहरे मला माहीत आहेत." त्याने बाकीच्यांनाही सांगितलं. कुणी ऐकलं नाही, उलट हसले. दलालाच्या माणसांनी त्याला मारलं आणि बर्फात सोडून दिलं. तो चालत चालत एका गावच्या पोलीस चौकीत गेला आणि हात वर करून उभा राहिला. तुझा फॅक्स कीव्हच्या वकिलातीत होता, म्हणून त्याची ओळख लवकर पटली आणि युक्रेनने त्याला देशाबाहेर काढून परत पाठवलं. नाहीतर किती महिने डांबून ठेवलं असतं सांगता येत नाही.

ट्रकमधली पोरं पोचली की नाही, ते त्याला ठाऊक नाही. तो रोज विचारतो.

डाव्या पायाची दोन बोटं हिमदंशाने गेली. चालताना किंचित झुकतो. मयूरी पहिले दोन दिवस त्याच्याजवळ गेली नाही, आता पायाशी बसून असते.

आता अर्जाचं. नवा पासपोर्ट निघेल. फॉर्मवर एक प्रश्न आहे: तुम्हाला कधी कोणत्या देशाने बाहेर काढलं आहे का? स्वप्नील म्हणतो, नवा पासपोर्ट कोरा आहे, 'नाही' लिहू, कुणाला कळणार? ओळखीचे सगळे हेच सांगतात. मला हे बरं वाटत नाही, पण 'हो' लिहिलं तर काय होईल हेही दिसतं आहे. तुझं मत कळव.

शेषराव


कॉर्क
९ मे २००४

ती. बाबा,
सविनय जयभीम.

'हो' लिहायला सांगा.

हे पत्र त्यांनाही वाचायला द्या. खोटं उघडकीला आलं तर त्यांचा व्हिसा जाईलच, माझाही परवाना धोक्यात येईल. पण तेवढंच कारण नाही. खोटं लिहून ते आले तर दारावर पोस्टमन आला तरी आम्ही दचकणार. तसं घर मला नको.

त्यांनी घडलं तसं एका कागदावर लिहून जोडावं. ट्रकमध्ये का चढलो नाही तेही लिहावं. मी माझ्या बाजूने पत्र जोडते, मेट्रनही देणार आहे. फोरमन म्हणाला, पायाचं बघू, वर चढायचं काम नसेल तर खाली मशीनच्या खोलीतलं असतं.

सगळं करूनही नकार येऊ शकतो. मी मनाची तयारी केली आहे असं लिहिणार होते, पण तशी काही तयारी होत नाही.

सुवर्णा


खातीपुरा, जयपूर
८ ऑगस्ट २००४

चि. सुवर्णा,
जयभीम.

दिल्लीहून पाकिटं आली. मयूरीचा व्हिसा मंजूर झाला. स्वप्नीलचा नाकारला. कारण एका ओळीत आहे, आधीच्या बेकायदा प्रवासामुळे. दोन महिन्यांच्या आत अपील करता येतं असं खाली छापलं आहे.

त्याने कागद वाचला आणि मला एवढंच म्हणाला, "खरं लिहून काय मिळालं, बाबा?"

त्याच दिवशी घरात मयूरीवरून वाद झाला. तिथली शाळा सप्टेंबरात सुरू होते, आणि तिला एकटीला पाठवायचं तर बापाची सही असलेलं संमतिपत्र लागतं. भीमाने सांगून टाकलं, की पोरगी जाणार नाही. "आईनं सोडलं तवा म्या सांभाळलं. आता मायाच पदरातून काहून नेता?" असं म्हणून ती मयूरीला घेऊन आतल्या खोलीत बसली. जेवायलाही उठली नाही. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तुझ्यामागे तिनेच त्या पोरीला न्हाऊमाखू घातलं.

मला वाटलं स्वप्नीलही सही करणार नाही. त्याला कुणी दोष दिला नसता. मुलगी इथे राहिली तर तूही लवकर परतशील, हा हिशोब त्याच्या मनात आला असणारच. दोन दिवस तो कामावर गेला आणि आला. तिसऱ्या दिवशी सकाळी नोटरीकडे जाऊन सही करून आला आणि कागद आईच्या समोर ठेवला. म्हणाला, "आई, मी रुसून गेलो होतो, माझं काय झालं पाहिलंस. आता तिला अडवून ठेवू नकोस."

दुपारी भीमाने मयूरीचे लोकरीचे कपडे उन्हात टाकले.

तुझी लता केरळहून परतताना दिल्लीवरून जाणार आहे म्हणालीस, तिच्यासोबत पाठवतो. तारीख कळव.

शेषराव


कॉर्क
१९ सप्टेंबर २००४

ती. बाबा,
सविनय जयभीम.

मयूरी येऊन आठवडा झाला. फोनवर मी 'छान आहे' म्हणाले, ते अर्धं खरं होतं.

विमानतळावर ती लताचा हात धरून बाहेर आली. मी पळत गेले. ती लताच्या मागे सरकली, आणि मग शाळेत शिकवल्यासारखं म्हणाली, "नमस्ते. आप मेरी मम्मी हैं?" बाबा, माझ्या मुलीने मला 'आप' म्हटलं. मी तिथे रडले नाही. हो म्हणाले, आणि तिची बॅग घेतली.

पहिले काही दिवस तिने माझ्या हातचं खाल्लं नाही. आजी कसं करते ते विचारून विचारून मी पिठलं केलं, तेव्हा खाल्लं. शाळेत जाते. परवा झोपेत 'आई गं' म्हणाली. आईंना म्हणाली की मला, ते मी तिला विचारलं नाही.

अपील पाठवलं आहे. या वेळी त्यांनी स्वतः लिहिलं, हिंदीत, आणि मी इथे भाषांतर करून घेतलं. मी ते वाचलं. त्यांनी लिहिलंय, 'बायकोच्या आधाराने राहायची मला लाज वाटत होती, म्हणून मी चोरवाटेने निघालो. त्या ट्रकपाशी उभा असताना ती लाज मला फार लहान वाटली.' मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. व्हिसा ऑफिसरला सांगितलं.

काल मी त्यांना फोन केला. सांगितलं, की करार जून २००६ ला संपतो. अपील फेटाळलं गेलं तर मी मयूरीला घेऊन जयपूरला परत येईन, पुढची सही करणार नाही. पण अपील मंजूर झालं तर मला इथेच राहायचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या.

ते म्हणाले, "हे तू मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी गेलो नसतो."

मी म्हटलं, "हो."

पुढे आम्ही बराच वेळ बोललो. कार्ड संपलं, मी खाली जाऊन दुसरं घेऊन आले आणि पुन्हा फोन लावला.

बाबा, इथून पुढे त्यांना सांगायचं ते मी त्यांनाच सांगेन. आमच्या दोघांच्या मध्ये उभं राहून तुम्ही फार सोसलंत. पण तुम्हाला पत्र लिहिणं मात्र मी सोडणार नाही.

सुवर्णा


खातीपुरा, जयपूर
१२ डिसेंबर २००४

चि. सुवर्णा,
जयभीम.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा स्वप्नील तुझ्याजवळ पोचलेला असेल. अपील मंजूर झाल्याचं तुम्ही दोघांनी फोनवर आधीच वाटून घेतलंत, आम्हाला बातमी शेवटी कळली. त्याचं वाईट वाटलं नाही.

काल दिल्लीच्या गाडीवर त्याला पोचवायला गेलो. भीमाला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही असं ती म्हणाली, पण मला वाटतं तिला यायचंच नव्हतं. घरच्या उंबऱ्यातच तिने त्याच्या कोटाची बटणं वरपर्यंत लावून दिली.

गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "बाबा, मॉस्कोत एकदा वाटलं होतं परत फिरावं. तेव्हा पासपोर्ट माझ्याच खिशात होता. पण रिकाम्या हाताने तुमच्यासमोर कसा उभा राहणार, म्हणून पुढे गेलो."

मी म्हटलं, "स्वप्नील, तिथे जमलं तर राहा. नाही जमलं तर परत ये. रिकाम्या हाताने ये. घर तुझंच आहे, त्याला व्हिसा लागत नाही."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग गाडी लागली.

आता घरात आम्ही दोघंच. मयूरीची पुस्तकं भीमाने एका बाजूला रचून ठेवली आहेत. भीमा कुणाला द्यायची नाहीत म्हणते. मी दुपारी जरा पडतो, संध्याकाळी स्टेशनपर्यंत फिरून येतो. आमची काळजी करू नका. उन्हाळ्यात मयूरीला घेऊन या, पण फार उन्हात नको.

एक विचारायचं आहे. तो विमानतळाच्या त्या दारातून बाहेर आला तेव्हा कसा चालत होता, ते तेवढं लिही. पाय ओढत होता, की सरळ चालत आला? भीमा सकाळपासून दोनदा विचारून गेली.

शेषराव